नाखवाकाका आणि जबानीची वही

नाखवाकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या दातांत स्क्रू-ड्रायव्हर होता. लाकडी मूठ दातांत घट्ट धरलेली, लोखंडी टोक समोरच्या ॲम्प्लिफायरच्या पेटीच्या फळीला टेकवलेलं, डोळे मिटलेले. त्या पेटीला जोडलेली गिटार माझा भाऊ अजितदादा वाजवत होता आणि गाळ्याचं पत्र्याचं छप्पर बारीक थरथरत होतं. दादा थांबला. काकांनी स्क्रू-ड्रायव्हर तोंडातून काढला, मूठ शर्टाच्या बाहीला पुसली आणि म्हणाले, "तिसरा व्हॉल्व्ह कुरकुरतोय."

दादा थक्क झाला, मीही. जाणती माणसं असंच ऐकत असतील, असं मला वाटलं. कान साथ देत नव्हते म्हणून ते दातांनी ऐकत होते, हे कळायला मला चार वर्षं लागली. आणि कळल्यावर ते त्यांना सांगायला आणखी एक वर्ष लागलं, तेही मी नाही सांगितलं.

काका मूळचे खाडीकाठचे कोळी. वडिलांची होडी होती, भाऊ मासेमारीत राहिले, हे मात्र शाळेत असल्यापासून रेडिओ उघडून बसायचे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लाउडस्पीकर तपासायच्या टेबलावर त्यांनी बरीच वर्षं काढली. कारखाना बंद पडला तेव्हा तिथेच मागच्या गल्लीत त्यांनी अर्धा गाळा घेतला. उरलेल्या अर्ध्यात पत्र्याचे डबे दाबून काढायचं मशीन होतं. ते दिवसभर धाड-धाड चालायचं. पाहुणे बोलता बोलता दचकायचे. काका म्हणायचे, "मना तर आता आयकूच येत नाय तो." सवय झाली असेल, असं आम्ही समजायचो.

गणपतीच्या मंडळांना आणि भजनीमंडळांना ते व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचे, ॲम्प्लिफायर बनवून देत. त्यांचा आवाज स्वच्छ आणि भरदार असे. अशा माणसाकडे अजितदादा गेला आणि म्हणाला की काका, मला गिटारसाठी असा ॲम्प्लिफायर हवाय की आवाज फाटला पाहिजे. तेव्हा दादा ठाण्याच्या कॉलेजात होता, केस मानेवर आले होते, आणि परदेशी कॅसेटवर ऐकलेला तो करकरीत, लांबत जाणारा आवाज त्याला काही करून हवा होता.

काका चिडले. "सगली जिंदगी आवाज फाटू नये म्हणून घालवली, आनि तू येतंस नि सांगतंस, फाड! उद्या दर्जीकडं जाशील नि सांगशील, फाटकी पँट शिव."

"हल्ली तशीच फॅशन आहे काका," दादा म्हणाला.

काका हसले, आणि तिथेच फसले. आठवडाभर त्यांनी दादाची कॅसेट ऐकली. मग निरोप पाठवला. एका व्हॉल्व्हने वाढवलेला आवाज दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा चौथ्यात असा त्यांनी ढकलत नेला. मला समजावताना ते हात पुढे करून तळवे जवळ जवळ आणायचे. "भरतीचं पानी रुंद खाडीतून निमुळत्या नाल्यात शिरलं की कसं फुगतं, तसं." तो पहिला ॲम्प्लिफायर दादाने लावला तेव्हा एकदाच छेडलेली तार इतका वेळ वाजत राहिली, की दादा गिटार ठेवून पाणी प्यायला गेला आणि परत आला तरी ती थोडी शिल्लक होती. निदान तो तरी तसं सांगतो.

असे ॲम्प्लिफायर काकांनी एकूण सातच केले. विकले सहा. प्रत्येकाला होडीसारखं नाव दिलं. समोरच्या फळीवर तेलरंगात स्वतःच्या हाताने लिहिलेलं, वर हळदकुंकू, आणि गाळ्याच्या दारात नारळ. आणि घेणाऱ्याला एकच अट: महिन्याभराने रविवारी येऊन जबानी द्यायची. कसा वाजतो, कुठे बोचतो, काय आवडलं, काय नाही, सगळं. काका त्याला अभिप्राय वगैरे म्हणत नसत. "पोलीस घेतात तशी जबानी. खरं सांगायचं, खाली सही करायची."

वही मात्र त्यांना भरता येत नव्हती. गिटारवाली मुलं अर्धं इंग्रजीत बोलायची, भरभर बोलायची. एके रविवारी दादाबरोबर आलेली मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. काकांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. "तू कॉन्व्हेंटची ना? मग लिव. ते सांगतील ते मराठीत लिव. तसं पन तू बोलत तर नायस."

ते खरं होतं. मी बोलायची नाही. बोललेच तर इतकं हळू की काका कानामागे हात धरून म्हणायचे, "बोल गो बाय जरा मोठ्यानं, मासा नाय चावनार." मला वाटायचं की चूक माझ्या आवाजाची आहे. त्यामुळे आमचं बोलणं वहीवरच चालायचं. ते विचारायचे, मी लिहायची, ते चष्मा कपाळावर चढवून, वही नाकाजवळ नेऊन वाचायचे. माझं मराठी शाळेतलं नव्हतं, घरचं होतं, आणि त्या वहीतच ते थोडंफार लिहितं झालं.

पहिल्या तीन जबान्या मला अजून तोंडपाठ आहेत. दादाची पहिली. दुसरी डोंबिवलीच्या मेल्विनची. तो रविवारी सकाळी चर्चमध्ये आणि संध्याकाळी मित्रांच्या बँडमध्ये वाजवायचा. तो म्हणाला, "मस्का आहे, मॅन. एकदम मस्का. आईने पहिल्यांदा विचारलं, कोण वाजवतंय? मी म्हटलं, मीच, दुसरं कोण?" तिसरी कल्याणच्या शशीची. शशी जयंतीच्या कार्यक्रमांत, लग्नाच्या हळदीत, जिथे बोलावतील तिथे ऑर्केस्ट्रात वाजवायचा. त्याने स्टुलावर नीट बसून, घसा खाकरून सांगितलं, "ताई, असं लिहा, की बाबासाहेबांवरच्या गाण्यात मी एक सूर लांबवला आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी डोळ्याला पदर लावला. गायकाला राग आला. लिहा, गायकाला राग आला."

मी लिहिलं. काकांनी ते दोनदा वाचलं आणि वही मिटून मांडीवर ठेवली.

चौथ्यापासून काहीतरी बिघडलं. आवाज तसाच लांबायचा, तसाच फुगायचा, पण त्याच्या कडा धारदार झाल्या होत्या. चौथा घेणाऱ्या मुलाने हसत हसत सांगितलं, "काका, थोडा टोचतो." मी लिहिलं, "आवाज तेज आहे." पाचवा पुन्हा मेल्विनने घेतला, त्याच्या बँडसाठी. त्याने इंग्रजीत सांगितलं की दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं. मी लिहिलं, "आवाज अतिशय स्पष्ट आहे, दूरपर्यंत जातो." मी खोटं लिहिते आहे, असं मला वाटलंच नाही. शाळेत आम्हाला पत्रलेखनात शिकवलं होतं की तक्रार करायचीच झाली तर दोन चांगल्या वाक्यांच्या मध्ये ठेवावी. मी मधलं वाक्य थोडं लहान करत गेले, एवढंच. काका "तेज" वाचून खूश झाले. पुढच्या वेळी त्यांनी तो आणखी तेज केला.

मग तो रविवार. मेल्विन आपला ॲम्प्लिफायर किरकोळ दुरुस्तीला घेऊन आला होता. शेजारचं मशीन बंद होतं. काकांनी पेटीची मागची फळी काढली, वीज लावली आणि आमच्याकडे पाठ करून टेबलावर काहीतरी शोधू लागले. तेवढ्यात पेटीतून एक शिट्टी सुरू झाली. बारीक, सरळ, कवटीत शिरणारी. मी दोन्ही कानांवर हात ठेवले. मेल्विनने डोळे घट्ट मिटले. समोरच्या गाळ्याबाहेर झोपलेलं कुत्रं उठून निघून गेलं. काका टेबलावर शोधत राहिले. गुणगुणतही होते. त्यांना हवा असलेला स्क्रू सापडला, तो त्यांनी उजेडात धरून पाहिला, सावकाश वळले, आणि आम्हाला तसं कान झाकून बसलेलं पाहून म्हणाले, "काय झालं? थंडी वाजते?"

मेल्विनने हात लांब करून बटण बंद केलं. "काही नाही काका."

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "यू हॅव टू टेल हिम."

"तू सांग. ॲम्प्लिफायर तुझा आहे."

"तू मुलगी आहेस. तुझ्यावर नाही ओरडणार."

"ओरडण्याचा प्रश्नच नाहीये," मी म्हटलं. आणि खरोखरच तो प्रश्न नव्हता. त्या माणसाकडे दुसरं काय होतं? घरी काकी त्यांना "बहिरोबा" म्हणायच्या, आणि काका म्हणायचे की बायकोचं कोण ऐकतं. हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात, असंही म्हणायचे. त्यांनी स्वतःला सगळीकडून बांध घालून घेतला होता, आणि त्यातला सगळ्यात मोठा दगड माझी वही होती. जबानी चांगली येते म्हणजे कान चांगले आहेत.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." तेव्हा तो नोकरीला लागला होता, केस कापले होते. दर रविवारी मी ठरवून जायची की आज वहीत लिहीन. काका चहा मागवायचे, माझ्यासाठी वेगळा, कमी साखरेचा. मी वही उघडायची आणि दुसरंच काहीतरी लिहायची.

सहावा ॲम्प्लिफायर शशीने घेतला. जुना त्याने धाकट्या भावाला दिला होता. महिन्याभराने तो जबानीला आला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, आमच्या गायिकेने कानात कापूस घातला, हो. काकांना काहीतरी सांगा. माझ्या तोंडून नाही निघत. त्यांनी माझ्यासाठी एवढं केलंय." मी लिहिलं, "आवाज लखलखीत. गर्दीतही ऐकू येतो." शशीने न वाचता सही केली. मी लिहिलं म्हणजे बरोबरच असणार, असा त्याचा विश्वास होता.

एप्रिलमध्ये कल्याणला जयंतीचा कार्यक्रम होता. शशीने काकांना बोलावलं नव्हतं, काकांनी स्वतःच ठरवलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते आमच्या घरी, ठाण्यात खोपटला आले. "चल गो बाय, आपली पेटी बघून येऊ. अजितला पन घे." संध्याकाळी सहाला आम्ही मांडवात पुढच्या रांगेत होतो. कार्यकर्त्यांनी काकांना ओळखून खुर्ची दिली. स्टेजवर निळ्या कापडाच्या झालरीजवळ ती पेटी होती, काकांच्या अक्षरातल्या नावासकट. काका सारखे तिकडे बोट दाखवून शेजारच्या अनोळखी माणसाला काहीतरी सांगत होते.

पहिलं गाणं संपलं. दुसऱ्यात शशीने सूर लांबवला तेव्हा पुढच्या रांगेत एका बाईने बाळाचे कान झाकले. गायिकेने मागे वळून पाहिलं. ध्वनिक्षेपकवाला वाकत वाकत स्टेजवर आला, शशीच्या कानाशी काहीतरी बोलला. शशीने आमच्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली, पेटीतली वायर उपटली, पेटीचं बटण बंद केलं आणि गिटार मोठ्या लाउडस्पीकरांना जोडली. पेटीचा लाल दिवा विझला.

कानांनी नाही, पण डोळ्यांनी काकांनी ते टिपलं. मध्यंतर होताच ते उठले आणि स्टेजच्या मागे गेले, मी आणि दादा त्यांच्यामागे. शशी पाणी पीत होता.

"वायर का काडलीस?"

"काका, थोडं टोचत होतं... लोकांना."

"मग जबानीत का नाय सांगितलंस?"

शशी गोंधळला. त्याच्या मनात माझ्याविषयी काहीही वाईट नव्हतं, म्हणूनच तो सरळ बोलला. "सांगितलं होतं ना काका. कापसाचं. ताईंनी लिहून घेतलं."

काका माझ्याकडे वळले. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली काहीच नसावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मी काहीतरी बोलले. काय ते मला आठवत नाही, आणि त्यांना ऐकू आलं नाही.

पुढच्या रविवारी मी जाणार नव्हते. दादाने ओढून नेलं. काकांनी वही काढून ठेवली होती, नवी कोरी पानं वर. "आता त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिव. चौथ्यापासून." मी लिहिलं. टोचतो. दातांचा डॉक्टर. कापूस. शेवटी शिट्टीचा तो रविवारही लिहिला, कुत्र्यासकट. त्यांनी एकेक पान वाचलं. कुत्र्याच्या ओळीवर त्यांना हसू आलं.

मग चष्मा काढून म्हणाले, "तू खोटं नाय लिवलंस, बाय. तू बरं लिवलंस. मना बरं नको हुतं गो, मना खरं हवं हुतं. बरं तर मी सोताच सोताला सांगत हुतो." एवढंच. पुढे कधीही त्यांनी तो विषय काढला नाही, घरी काकींनाही सांगितलं नाही. ते गेले त्या दिवशी काकी मला म्हणाल्या, "तुझं अक्षर फार आवडायचं त्यांना." मी मान खाली घातली. सगळं कळलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, मला माहीत नाही.

पण तेव्हा सातवा ॲम्प्लिफायर अजून टेबलावर होता. अंबरनाथचा विकी नावाचा मुलगा सहा महिन्यांपासून त्याची वाट पाहत होता. मेल्विनच्या बँडमध्ये ऐकून तो वेडा झाला होता. काका म्हणाले, "हा आपन खरा करू. मी बदल करीन, अजित वाजवील, तू लिव."

त्या दुपारी दादाने तेच चार सूर कितीतरी वेळा वाजवले. शेजारचं मशीन बंद होतं. काका आतला एक चिमुकला भाग काढायचे, दुसरा डकवायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी लिहायची, "टोचतं." ते पुन्हा बदलायचे. "आता घोंगडीखालून आल्यासारखा येतो." पुन्हा. "आता परत टोचतं." कमी की जास्त, ते विचारायचे. वर की मध्ये? कुठे? मला सांगता येत नव्हतं. मी गाणारी नव्हते, वाजवणारी नव्हते. चुकलंय एवढंच मला कळत होतं. नेमकं कुठे, ते ओळखणारे कान एकाच माणसाचे होते आणि ते आता नव्हते. दादाही गोंधळला. त्याला आधी बरा वाटलेला आवाज पुढच्या वेळी वाईट वाटायला लागला. काकांच्या बोटाला दोनदा चटका बसला. ते बोट तोंडात घालायचे आणि पुन्हा माझ्या पेनाकडे बघायचे.

चार वाजता विकी आला, दारात उभं राहून ऐकू लागला. दादाने सूर छेडले आणि तो ओरडलाच, "हाच! काका, हाच ठेवा! हात लावू नका आता!"

काकांनी मला खूण केली. मी लिहिलं, "अजून टोचतं. पण कुठे, ते मला सांगता येत नाही." त्यांनी ते वाचलं. वाचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग हातातली झाळ लावायची तापलेली कैय्या स्टँडवर ठेवली आणि विकीला म्हणाले, "नाय द्यायचा हा."

"काय? काका, मला आवडलाय ना! मला असाच पाहिजे."

"काय?" काकांनी कानामागे हात धरला. विकीने तेच पुन्हा ओरडून सांगितलं.

"तुला आवडला, खरंच आवडला असेल," काका म्हणाले. "पन मना तो आयकू येत नाय. मी जे आयकलं नाय ते माझं म्हनून विकू कसा?"

विकी रडकुंडीला आला होता. सहा महिने थांबला होता बिचारा. तो माझ्याजवळ येऊन वाकला. "ताई, ते तुमचं ऐकतात. दादाने सांगितलंय मला. तुम्ही फक्त लिहून द्या ना, की चांगला आहे. एवढंच."

एक ओळ पुरली असती. मुलगा ॲम्प्लिफायर घेऊन आनंदाने गेला असता, आणि काकांनी कदाचित आठवाही करायला घेतला असता. अशा ओळी लिहायची मला सवयही होती. वही मांडीवर उघडी होती. काका माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, हाताकडे बघत होते. मला त्यांना काहीच देता येत नव्हतं, ना कान, ना ती ओळ. मी पेनाला टोपण लावलं.

काकांनी होकाराची मान हलवली, आणि पेटीचं भिंतीवरचं बटण बंद केलं.